बोअरच्या नोटिशीतलं इंग्रजी

सेक्रेटरी: ऑल मेंबर्स आर रिक्वेस्टेड टु कम. टुमॉरो मीटिंग वी विल डिस्कस अबाऊट बोअरवेल. ईच फ्लॅट ओनर्स हॅव टु रिटर्न बॅक द फॉर्म.

बी-104: काका राग मानू नका पण यात तीन चुका हायत 🙈

सेक्रेटरी: कुठं? दोनदा वाचून टाकलंय मी

बी-104: डिस्कसपुढं अबाऊट नको. रिटर्न म्हणजेच परत देणं, मग बॅक कशाला. अन् ईचपुढं एकवचन, ईच फ्लॅट ओनर हॅज टु.

सी-301: अबाऊट कामून नको गं? बोअरबद्दलच बोलायचंय ना

बी-104: तिथंच गोची आहे मावशी. आपल्या डोक्यात "बोअरबद्दल चर्चा" आसतं, त्या बद्दलचं आपण अबाऊट करून टाकतो, पण डिस्कसला थेट कर्म लागतं, डिस्कस द बोअरवेल, झालं. टॉक अबाऊट चालतं, डिस्कशन अबाऊट बी चालतं, म्हणून तर घोळ व्हायलाय. तसंच "डॉक्टरशी लग्न" मधल्या शीचं मॅरीड विथ करतो, तिथं टु पाहिजे. 2023 च्या तलाठी भरतीला 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते, एकेक 2 मार्काचा, त्यामुळं सराव पेपर सोडवू सोडवू डोकं फिरलंय माझं. सिनियर दॅन मी ला "नो एरर" करून बसले होते एकदा. सिनियर, ज्युनियर लॅटिनमधून आलेत, त्यांच्यापुढं दॅन नाही, टु. आता झोपेत इचारा.

सी-301: आमच्या बारक्याच्या वहीत "आय डिड नॉट वेंट" ला बाईंनी लाल गोल केलाय, मला तर बरोबरच वाटलं होतं 😅

बी-104: डिड आलं की भूतकाळ तिथंच झाला मावशी, पुढं नुसतं गो.

ए-202: पोरी, चौथी चूक सुटली की तुझी. टुमॉरो मीटिंग नाही, इन टुमॉरोज मीटिंग.

बी-104: हाव की गुरुजी 🙏

सेक्रेटरी: गुरुजी तुम्ही बी! आता वन ऑफ माय फ्रेंड इज टीचर, त्यालाच दाखवून टाकत जातो

बी-104: फ्रेंड्स काका 😐

ए-202: अन् टीचरच्या आधी अ.

सेक्रेटरी: 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली होती लातूरवर, अन् तुम्ही अ न् द काढत बसलाव. डिलीट केली नोटीस. उद्या 11 वाजता बोअरवर बोलायचंय, फॉर्म भरून आणा. मराठीत!

सी-301: भाऊ, फॉर्म मिळालाच नाही आम्हाला

बी-203: आम्हाला बी नाही