ओसीआय आहे, मग मत का नाही?

बी-४०२ काकू: नमस्कार. मुलगा सुट्टीला येतोय. मतदार यादीत त्याचं नाव अजून आहे. तेव्हा निवडणूक असली तर मत देऊ शकेल ना? ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे त्याच्याकडे.

ए-१०१ सेक्रेटरी: यादीत नाव आहे ना, मग प्रश्नच नाही.

सी-३०५ वकीलकाका: सेक्रेटरीसाहेब, जरा थांबा. काकू, त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय ना?

काकू: हो, गेल्या वर्षी शपथ झाली. फोटो टाकले होते ग्रुपवर, तुम्ही अभिनंदनही केलंत.

वकीलकाका: केलं होतं, मनापासून. पण त्याच दिवशी त्याचं इथलं नागरिकत्व गेलं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ बघा. आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. मत फक्त नागरिकाला. खोटी माहिती देऊन यादीत नाव ठेवलं तर एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. फॉर्म ७ भरून नाव काढून घ्या.

काकू: अहो, कार्डावर 'सिटिझन' लिहिलंय ना!

वकीलकाका: सगळा घोळ त्या शब्दाचाच आहे. ओसीआय म्हणजे खरं तर आयुष्यभराचा व्हिसा. फ्लॅट घेता येतो, नोकरी करता येते. मत नाही, निवडणूक लढवणं नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळाली तर चालते.

बी-२०३: म्हणजे गावच्या आंब्याच्या बागेचं टेन्शन नाही 😄

डी-५०१ (टोरोंटोहून): माझंही ओसीआय आहे. २०२१ पासून पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण, यांना आधी खास परवानगी लागते. सह्याद्रीत साधी ट्रेक त्यात धरतात की नाही, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. विचारलं की हो म्हणतील अशी भीती!

ए-१०१: पण जन्मलेला तर इथलाच. सरकार त्याला बाहेर कसं ठेवेल?

वकीलकाका: ठेवू शकतं. १९५५ मध्येच हान्स म्युलर या जर्मनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे. राज्यघटनेच्या कलम १९ मधला देशात कुठेही राहायचा हक्क फक्त नागरिकांचा. कलम १४ आणि २१, म्हणजे कायद्यापुढे समानता आणि जीविताचं संरक्षण, हे मात्र प्रत्येक माणसाला. नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सरकारने अधिसूचित केलेला कायदा मोडला तर ओसीआय रद्द होऊ शकतं, पण आधी म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

डी-५०१: काका, मला इतकं वाईट वाटत नाही. कॅनडाने ठेवून घेतलं, भारताने दार उघडं ठेवलं. फक्त दाराची कडी त्यांच्या हातात आहे, एवढं लक्षात ठेवायचं. आणि काकू, जुना भारतीय पासपोर्ट सरेंडर केलाय ना त्याने? दोन्ही देशांचे निळेच, चुकून जुना दाखवला तर विमानतळावर पंचाईत.

काकू: तो कपाटात आहे. पण कोपरा कापून शिक्का मारून परत दिलेला.

वकीलकाका: मग झालं काम. आठवण म्हणून ठेवा.

काकू: आणि सोसायटीच्या सभेत तरी त्याला मत आहे ना? फ्लॅटवर त्याचं नाव आहे.

ए-१०१: त्याला पासपोर्ट नाही लागत काकू. मागच्या दोन तिमाहींचा मेंटेनन्स लागतो.