मदत हवी आहे: उबुंटू काढून डेबियन टाकलं, पण जुन्या डेस्कटॉपची सेटिंग्ज सोबत आली

नमस्कार मंडळी,

बाबांच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली होती. रविवारी त्या जागी डेबियन १२ ही दुसरी लिनक्स प्रणाली टाकली. होमचं (म्हणजे बाबांच्या फाइली आणि सेटिंग्जचं) पार्टिशन वेगळं होतं, ते फॉरमॅट न करता तसंच जोडलं. डेस्कटॉपचा प्रोग्रॅम दोन्हीकडे ग्नोमच, म्हणून निर्धास्त होतो.

बाबांचे लेख, फोटो जागेवर आहेत. डेस्कटॉपची मात्र घडी विस्कटली. उबुंटूत त्यांनी जांभळा रंग निवडला होता. सेटिंगमध्ये अजून उबुंटूच्या यारू थीमचंच (रंगरूपाचंच) नाव आहे आणि डेबियनसोबत यारू आपोआप येत नाही. डॅशमधून (आवडत्या ॲपच्या पट्टीतून) फायरफॉक्स गायब, जुने बुकमार्कही दिसत नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे वरच्या पट्टीतून मराठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड नाहीसा झालाय. बाबा रोज सकाळी दोन तास लिहितात, तीन दिवस ते बंद आहे.

होममधला डॉट-कॉन्फिग हा सेटिंग्जचा लपलेला फोल्डर उडवला की सगळं कोरं होतं असं वाचलं. पण लिब्रेऑफिसच्या शब्दकोशात बाबांनी वर्षानुवर्षं भरलेले शब्द त्यातच आहेत. शिवाय मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अक्षरांचा आकार १.२५ पट केलाय, तोही जायला नको. फक्त बिघडलेलं तेवढं कसं रीसेट करू?

प्रतिसाद १

फोल्डर अजिबात उडवू नका. ग्नोमची सेटिंग्ज त्यातल्या डीकॉन्फ या साठ्याच्या एकाच फाइलीत असतात. ती टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येत नाही, म्हणून टर्मिनलमधून 'डीकॉन्फ डम्प' काढून साध्या फाइलीत ठेवा. काही चुकलं तर तीच 'लोड' करता येते. मग 'जीसेटिंग्ज रीसेट' देऊन तीनच गोष्टी मूळपदावर आणा: जीटीके थीम (खिडक्या-बटणांचं रूप), आयकॉन थीम आणि डॅशमधल्या आवडत्या ॲपची यादी. अक्षरांच्या आकाराची नोंद वेगळी असते, तिला धक्का लागत नाही.

कीबोर्डचं सेटिंग बहुतेक शाबूत असेल, तो चालवणारं इंजिन नसेल. त्यासाठी आयबस-एम१७एन पॅकेज टाका, लॉगआउट करून परत या.

फायरफॉक्स उबुंटूत स्नॅप या वेगळ्या पॅकेज-पद्धतीतून येतं, त्यामुळे जुनं प्रोफाइल (बुकमार्क वगैरेंचा साठा) होममधल्या स्नॅप फोल्डरात आहे. ते जसंच्या तसं आणू नका. डेबियनची ईएसआर (दीर्घकाळ टिकणारी) आवृत्ती जुनी असते, ती नव्या आवृत्तीचं प्रोफाइल उघडायला नकार देते. त्या प्रोफाइलमधल्या बुकमार्कबॅकअप्स फोल्डरातली ताजी फाइल घ्या आणि बुकमार्क व्यवस्थापनातून रिस्टोअर करा.

धागाकर्ता

खूप आभार. इनस्क्रिप्ट लगेच परत आलं, बाबा लिहायला बसलेसुद्धा! बुकमार्कही मिळाले. त्यांना उबुंटूसारखा डावीकडचा डॉक (सतत दिसणारी ॲपची पट्टी) हवाय, तो मिळेल का?

प्रतिसाद २

डॅश-टू-डॉक या ग्नोमच्या एक्स्टेन्शनचं (जोड-प्रोग्रॅमचं) पॅकेज डेबियनमध्ये आहे. उबुंटूचा डॉक त्याचंच रूप, सेटिंग्ज त्याच जागी ठेवतो. एक्स्टेन्शन चालू केलंत की आयकॉनचा जुना आकारही बहुधा तसाच येईल. सगळं रीसेट केलं नाहीत ते बरं झालं.