चोर घरात शिरला तर आपण मागे हटायचं?

गिरगावची_वहिनी
आमची चाळ, तळमजला. परवा रात्री दोनच्या सुमारास मोरीच्या खिडकीचे गज वाकवून कुणीतरी हात आत घातला. ह्यांनी कपडे वाळत घालायची काठी हाणली, तो पळाला. सकाळी शेजारचे काका म्हणतात, "हात मोडला असता तर आत तुम्हीच गेला असता." वर न्यू जर्सीतला भाचा फोनवर सांगतो, आधी मागे हटायचं, तसा कायदाच आहे. आपल्याकडेही कायदे बदललेत म्हणे. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना घेऊन मी हटू कुठे? गॅलरीत?

शिवडी_कोर्टवाला
वहिनी, भाच्याचं अर्धंच बरोबर. न्यू जर्सीत ते बंधन घराबाहेर, तेही जीवघेणा वार करण्याआधी आणि सुखरूप निसटता येत असेल तरच. फ्लोरिडाने २००५ मध्ये बाहेरचंही काढून टाकलं.

आपल्याकडे पळायची सक्ती नाही. 'दर्शन सिंग' निकालात (२०१०) सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की हल्ला समोर असताना नागरिकाने भित्र्यासारखं वागावं अशी अपेक्षा नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेतली स्वसंरक्षणाच्या हक्काची कलमं ९६ ते १०६ नव्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली, गाभा तोच. आणि गंमत बघा, शरीराचा कुठलाही भाग आत आला की कायद्याने तो माणूसच घरात शिरला! म्हणजे ती रात्रीची घरफोडीच. काठी योग्यच. मात्र गरजेपुरतीच इजा, आणि तो बाहेर पडून पळाला की हा हक्क संपला. नाक्यापर्यंत पाठलाग करून हाणलं असतं तर काकांचं खरं ठरलं असतं.

गिरगावची_वहिनी
ह्यांचे गुडघे बघता नाक्याची काळजी नको. पण चाळीतली पोरं म्हणतात, पुढच्या वेळी पकडून खांबाला बांधू.

शिवडी_कोर्टवाला
पकडा, पण मारू नका. तो मार म्हणजे बचाव नव्हे, सरळ गुन्हा. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे अटक-तपासाच्या कायद्यात, आता मुदतही घातलीय: सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवायचं.

निवृत्त_हवालदार
वकीलसाहेबांनी कोर्टाचं सांगितलं, मी चौकीचं सांगतो. उद्या काठी मारणाऱ्यावरच गुन्हा दाखल झाला, तर स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी त्या आरोपीवर असते. म्हणून तक्रार आधी तुमची पडू दे. गज सरळ करू नका, पंचनामा होईपर्यंत तसेच ठेवा, फोटो काढा. काठीही धुऊन ठेवू नका. आणि तेव्हाच ११२ लावायला हवा होता, ताई.