मदत हवी आहे: शहराच्या ओडीपीवर (विकास आराखड्यावर) हरकत नोंदवायची आहे. धूळ आणि ट्रॅफिकचं कागदावर कसं मांडायचं?

पोफळीखाली

मंडळी, नमस्कार. उत्तर गोव्यातल्या एका पालिका क्षेत्रात राहते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथलं लिखाण कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरतं ते आपण सगळेच जाणतो. आमच्या शहराच्या ओडीपीचा मसुदा बघायला ठेवलाय आणि हरकती-सूचना मागवल्यात. मुदत अजून आहे, पण चतुर्थी तोंडावर आलीय. एकदा माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणायला सुरुवात झाली की आमच्या वाड्यावर (वस्तीत) कोणी कागदाला हात लावणार नाही.

आमचा वाडा मुख्य रस्त्यापासून आत आहे. एकच गल्ली, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीने रिव्हर्स घेऊन कोणाच्या तरी गेटात शिरायचं, मग दुसरी सुटते. गल्लीच्या टोकाला प्राथमिक शाळा, शाळेमागे मोठं भाट (माडांची बागायत). मसुद्यात ते सगळं भाट आणि गल्लीची एक बाजू एस-2 (निवासी) ची सी-1 (व्यापारी) झालीय. गल्लीवर 15 मीटरचा रस्ता आखलाय. नकाशाप्रमाणे आमचा गडगा, शेजाऱ्यांची बांय (विहीर) आणि शाळेच्या फाटकाजवळचं वडाचं झाड रस्त्यात जातं.

भाटाच्या पलीकडे एका प्रकल्पाचं काम आधीच चालू आहे. टिपर, काँक्रीट मिक्सर, पाण्याचे टँकर, रात्री सांडपाण्याचे टँकर, सगळे ह्याच गल्लीतून. सकाळी पुसलेल्या तुळशीवृंदावनावर दुपारी बोटाने नाव लिहिता येईल इतकी लाल धूळ बसते. शाळा सुटते तेव्हा मुलं गडग्याला पाठ टेकून उभी राहतात आणि ट्रक पुढे गेला की मग चालायला लागतात.

वाड्यावर बैठक झाली. निम्मे म्हणाले, एक पत्र करू, सगळ्यांच्या सह्या घेऊ, आमदारांना देऊ. काही थेट कोर्टात निघाले. बाकीच्यांनी चहा घेतला. मला अर्ज लिहायची भीती नाही, आयुष्य कारकुनीत गेलं. पण ह्या कागदात नेमकं काय असावं? धूळ हा हरकतीचा मुद्दा धरतात का? मराठीत लिहिलं तर चालतं का? आणि पत्र एकच द्यावं की घरटी वेगळं?

रिकामटेकडा

ताई, हरकती मागवणं हा उपचार असतो. कोणत्या भाटाचा रंग बदलायचा ते आधी ठरतं, नकाशा मागाहून रंगतो. आमदारांना भेटा, तेवढाच उपयोग. आणि कोर्टाने मागे ते नगर नियोजन कायद्याचं 17(2) कलम उडवलं ना? त्याचा हवाला द्या.

नकाशेवाला

रिकामटेकडा ह्यांचा राग खोटा नाही, पण माहिती अर्धी आहे. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 17(2) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली आणि कलमाला मर्यादा घातली. ते प्रकरण प्रादेशिक आराखड्यातल्या ‘चुका दुरुस्त’ करण्याचं. ह्या ताईंचा विषय ओडीपीचा. भलत्या कलमाचा हवाला दिला की समोरचा तेवढीच एक ओळ उचलून अर्ज निकाली काढतो.

आता मुद्द्याचं. नोकरीतला बराच काळ अशा नकाशांवर गेलाय, म्हणून थोडं लांबण लावतो.

अर्जाच्या पहिल्याच ओळीत चलता नंबर (सिटी सर्व्हेतला जागेचा क्रमांक) आणि पी.टी. शीट नंबर (त्या सर्व्हे नकाशाच्या पानाचा) हवा, तुमच्या घराचा आणि ज्या भाटाबद्दल बोलताय त्याचाही. ‘आमच्या वाड्यात ट्रॅफिक वाढेल’ अशा ढीगभर अर्जांचा एका वाक्यात निकाल लागतो. नंबर आला की त्या तुकड्याबद्दल कोणाला तरी काहीतरी लिहावं लागतं.

मग एफएआर, म्हणजे प्लॉटच्या किती टक्के बांधकाम करता येतं ते. एस-2 ला तो 80, सी-1 ला 200. म्हणजे 1,000 चौरस मीटरच्या प्लॉटवर आज 800 चौरस मीटर बांधता येतं, झोन बदलल्यावर 2,000. अख्ख्या भाटाचं क्षेत्रफळ घेऊन हे गणित अर्जात मांडा. खाली दुकानं, वर ऑफिसं आली तर त्यांच्या गाड्या, मालाचे टेम्पो आणि टँकर कुठून जाणार, हा प्रश्न त्यातूनच निघतो. धुरळ्याबद्दल पानभर लिहिण्यापेक्षा हा एक परिच्छेद भारी पडतो.

रस्त्याचं तर जास्त महत्त्वाचं. नकाशातला 15 मीटर हा प्रस्तावित रस्ता आहे. तुमची गल्ली आज किती आहे? टेप लावा, तीन-चार ठिकाणी मोजा, टेप दिसेल असे फोटो काढा. भूसंपादन कधी, पैसे कोणाच्या खात्यातून, हे मसुद्यात सापडणार नाही, कारण ते तिथे नसतंच. प्रस्तावित रस्त्याच्या जोरावर इमारतीला परवानगी मिळते आणि रस्ता वर्षानुवर्षं कागदावरच राहतो, ही आपल्याकडची खरी दुखरी जागा. तेव्हा ‘विकास नको’ असं लिहू नका. रस्ता प्रत्यक्षात रुंद होऊन वापरात आल्याशिवाय झोनबदल लागू करू नये, असं लिहा.

आणखी एक. गोव्याच्या 1974 च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात आराखड्याआधी सध्याचा भूवापर नकाशा आणि त्याची नोंदवही करण्याची तरतूद आहे. तो नकाशा बघायला मागा. त्यात शाळा दाखवलीय का? बांय, वहाळ, देवळाची जागा? शाळाच गाळलेली असेल तर तुमच्या हातात पहिल्या प्रतीचा मुद्दा आहे.

पोफळीखाली

नकाशेवाला, फार उपकार झाले. चलता नंबर काढलेत. एक अडचण आधी लिहिली नव्हती, लिहायला जड जात होतं. आमच्यातल्याच दोन घरांचा त्या भाटात हिस्सा आहे आणि त्यांना सी-1 हवंय. माणसं वाईट नाहीत. मुलांची लग्नं, घराची डागडुजी, पैसा सगळ्यांनाच लागतो. पण बैठकीत ती गप्प बसली आणि मग बाकीच्यांचीही वाचा गेली. त्यांच्या सह्यांशिवाय गेलो तर ‘वाड्याचा विरोध’ कसा म्हणायचा?

वाऱ्याची दिशा

धुळीबद्दल मी सांगते, आमच्याकडे पर्वरीत उड्डाणमार्गाच्या कामाने ह्या विषयात सगळ्यांना पदवीधर केलंय.

तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे कागद दोन ठिकाणी जातात. आज उडतेय ती धूळ चालू बांधकामाची. तिची तक्रार पालिकेकडे आणि साळगावच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. बांधकामाच्या धुळीबद्दल पर्यावरण मंत्रालयाची जानेवारी 2018 ची अधिसूचना आहे: साइटकडे जाणारा रस्ता पक्का हवा, माती-रेती उघडी टाकायची नाही, पाणी मारायची सोय हवी. मंडळाला ती दाखवून तपासणी मागा. ओडीपीवाल्यांना ह्या टिपरांचं सांगून उपयोग नाही, ‘हा आमचा विषय नाही’ म्हणतील आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असतील.

ओडीपीच्या हरकतीत धूळ येते ती पुढची. म्हणजे शाळेला लागून व्यापारी झोन का, मधे मोकळा पट्टा का नाही, मालवाहू गाड्यांसाठी भाटाच्या दुसऱ्या अंगाने रस्ता का आखला नाही. शाळेचा उल्लेख आवाजाच्या अंगानेही करा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, व्यापारी भागात 65 आणि 55. झोन बदलला की तुमच्या खिडकीबाहेरची कायदेशीर मर्यादाच 10 डेसिबलने वर सरकते. हे फार कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि कोणी हौसेने हवेचं छोटं यंत्र आणून ठेवणार असेल तर ठेवा, पण त्याचे आकडे पुरावा म्हणून मिरवू नका. पीएम 10 ची (हवेतल्या बारीक धुळीची) मर्यादा 24 तासांच्या सरासरीला 100 मायक्रोग्रॅम आहे. दुपारी ट्रक गेल्यावरचा एक आकडा दाखवून ‘चारपट प्रदूषण’ म्हटलं तर पहिलाच जाणकार तुम्हाला खोडून काढेल. त्यापेक्षा मंडळाने शाळेजवळ मोजणी करावी, अशी मागणी करा.

नकाशेवाला

वाऱ्याची दिशा ह्यांच्याशी शब्दन्‌शब्द सहमत.

ताई, त्या दोन घरांबद्दल. त्यांना सी-1 विरोधी पत्रावर सही करायला सांगूच नका, उगाच वाड्याला चीर जाते. ‘रस्ता आधी, झोन मग’ ह्यावर त्यांचीही सही मिळू शकते, कारण अरुंद गल्लीच्या टोकाच्या जमिनीला भावही अरुंदच मिळतो. मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तरी ‘वाड्याचा विरोध’ असं लिहायची गरज कुठे आहे? हरकत प्रत्येकाची स्वतःची असते.

म्हणून घरटी वेगळा अर्ज. ज्यांचा गडगा जातो त्यांनी गडग्याचं, ज्यांची बांय जाते त्यांनी बांयीचं लिहावं. शाळेच्या पालक-शिक्षक संघाने तिसरं. एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर नुसती नावं बदलून चाळीस अर्ज दिले तर मोजणारा त्यांना एकच धरतो, मग तुम्ही काहीही म्हणा.

मराठीत लिहिलं तर चालतं. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही सरकारी कामात जागा आहे. फक्त झोनची नावं आणि नंबर नकाशात जसे आहेत तसेच ठेवा.

मुरगावचा पाहुणा

एक अनुभव. एप्रिल 2017 मध्ये वास्कोला मुरगाव बंदराच्या प्रकल्पांवर जनसुनावण्या झाल्या, कोळशाच्या. दिवसचे दिवस चालल्या. मी मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकत होतो. काही जण रडले, काही जण माईक सोडेनात, आणि जे घरून लिहून आणून एक प्रत टेबलावर ठेवत होते त्यांचंच नेमकेपणाने नोंदलं जात होतं. पर्यावरण मंजुरीच्या सुनावणीत शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा नियम आहे. ओडीपीच्या सुनावणीत तेवढी खात्री धरू नका. अर्जातच लिहा की प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं आहे. दोन प्रती न्या, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला का-कू केली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पण तोंडी ‘ठेवून जा’ वर परत येऊ नका.

रिकामटेकडा

बरं, सगळं केलं, झोनबदल थांबलाही. मग वर्षाने कोणी स्वतंत्र अर्ज करून तोच प्लॉट बदलून घेतला तर?

नकाशेवाला

हा मात्र तुमचा नेमका प्रश्न. 2024 मध्ये त्याच नगर नियोजन कायद्यात आलेलं 39ए कलम तेच करतं: एकेका तुकड्याचा झोनबदल, प्रादेशिक आराखड्यात किंवा ओडीपीत, आणि हरकतीला 30 दिवस. सूचना राजपत्रात येते. वाड्यावरच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलाला राजपत्र चाळायचं काम लावून द्या, आपला चलता नंबर दिसतो का एवढंच बघायचं. आज दिलेल्या हरकतीची शिक्क्याची प्रत तेव्हाही कामाला येते.

आणि भाटात मोठा प्रकल्प आलाच तर जनसुनावणीत बघून घेऊ, असंही कोणी मनात धरू नये. 20,000 चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते हे खरं, पण साध्या इमारत प्रकल्पांना त्यात जनसुनावणीतून सूट आहे. बोलायची वेळ हीच.

पोफळीखाली

सगळ्यांचे आभार. शाळेच्या बाईंशी बोलले, पालक-शिक्षक संघाचा अर्ज त्या करणार आहेत. सध्याच्या भूवापर नकाशात शाळा आहे, पण तिचं मैदान भाटातच धरलंय! आमच्या घरच्या अर्जाचा मुख्य परिच्छेद असा लिहिलाय, बघाल का:

‘वर नमूद पी.टी. शीटवरील चलता नंबरांच्या जागेचा झोन एस-2 वरून सी-1 करण्यास माझी हरकत आहे. ह्या जागेला आज पोहोचणारी एकमेव गल्ली सोबतच्या फोटोंत दाखवल्याप्रमाणे सर्वांत अरुंद ठिकाणी 3.8 मीटर आहे. प्रस्तावित 15 मीटर रस्ता प्रत्यक्ष बांधून वापरात येईपर्यंत सध्याचा झोन कायम ठेवावा. मालवाहू वाहनांसाठी शाळेसमोरून न जाणारा पर्यायी मार्ग आराखड्यात दाखवावा. शाळेचे मैदान सध्याच्या भूवापर नकाशात दुरुस्त करून दाखवावे. मला प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.’

नकाशेवाला

झकास. मैदानाचं वाक्य मागून उचलून दुसऱ्या नंबरावर आणा, तुमचा सगळ्यात पक्का मुद्दा तोच आहे. सोबत गाड्यांची मोजणी जोडा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या 106 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत आतल्या वस्त्या मुख्य रस्त्याला जोडणाऱ्या दुपदरी रस्त्याची क्षमता दोन्ही दिशा मिळून ताशी 900 पीसीयू (कारच्या हिशोबात मोजलेली वाहनं) धरलीय. कार म्हणजे एक, दुचाकी एकाहून कमी, बस-ट्रक एकाहून बरेच जास्त. तुमची गल्ली दुपदरीही नाही, म्हणजे तिची ताकद त्याहून कितीतरी खाली. शाळा भरताना आणि सुटताना मोजा, बाजाराच्या दिवशी एकदा मोजा. ट्रक, टँकर, काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या वेगळ्या रकान्यात टाका. वेळ, तारीख आणि मोजणाऱ्याची सही हवीच.

पोफळीखाली

मोजणीला दोन कॉलेजातल्या मुली तयार आहेत. त्या सी-1 वाल्या घरातली एक त्यातली आहे, आईला सांगून आलीय. चतुर्थीची सुट्टी लागायच्या आत उरकायचं तर ह्याच आठवड्यात बसावं लागेल. एकच विचारायचं राहिलं: ट्रक भरलेला जातो आणि रिकामा परत येतो, तो दोनदा धरायचा ना?

नकाशेवाला

दोनदाच. रस्ता तो दोनदा अडवतो.