विंडोज ११ सोपं करायला बाहेरची टूल्स टाकावीत का?

प्रश्न
मंडळी, माझं काम म्हणजे दिवसभर पीडीएफ नि एक्सेल फाइली शोधायच्या आणि इकडचं कॉपी करून तिकडे पेस्ट करायचं. फाइलचं अर्धं नाव आठवतं पण फोल्डर आठवत नाही, आणि कॉपी केलेलं दुसरं काही कॉपी केलं की गेलंच. शिवाय टास्कबार मला डाव्या बाजूला हवा असतो. मागे टास्कबार बदलणारं एक टूल टाकलं होतं, पुढच्या अपडेटनंतर लॉगिन केलं तर नुसता काळा स्क्रीन, तेव्हापासून हातच धजत नाही. काय टाकलं तर त्रास होणार नाही?

उत्तर १
शोधण्यासाठी डोळे झाकून एव्हरीथिंग नावाचं टूल टाका. ते एकेक फोल्डर उघडत बसत नाही, एनटीएफएस (म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीच्या) ड्राइव्हवर सगळ्या फाइलींच्या नावांचं एक टेबल असतं तेच थेट वाचतं, म्हणून लाखो फाइली असल्या तरी अक्षर टाइप करता करता यादी छोटी होत जाते. नावाचे दोन तुकडे मधे स्पेस देऊन टाका, "मार्च बिल" काय नि "बिल मार्च" काय, दोन्ही चालतं. इन्स्टॉल करताना सर्व्हिसचा (म्हणजे ते मागे गुपचूप चालू ठेवायचा) पर्याय राहू द्या, नाहीतर दरवेळी अॅडमिनची परवानगी मागेल. फक्त ते नावं शोधतं, फाइलच्या आतला मजकूर शोधायला लावला तर वेळ खातं.

उत्तर २
क्लिपबोर्डसाठी, म्हणजे कॉपी केलेलं जिथे साठतं त्यासाठी, आधी विंडोज की आणि व्ही दाबून बघा, हिस्टरी विंडोजमध्येच आहे, एकदा चालू करावी लागते. पण त्यात २५ च गोष्टी राहतात आणि पिन न केलेल्या रीस्टार्टनंतर जातात. तेवढ्यात भागत नसेल तर डिट्टो नावाचं टूल घ्या, ते सगळं डेटाबेसमध्ये ठेवतं आणि महिन्यापूर्वी कॉपी केलेलंही शोधून देतं. पण म्हणूनच कॉपी केलेला पासवर्डही तिथे पडून राहतो! पासवर्ड ठेवायचं अॅप सेटिंगमध्ये जाऊन वगळा, हे विसरू नका प्लीज.

उत्तर ३
काळ्या स्क्रीनबद्दल सांगतो. टास्कबार बदलणारी टूल्स बहुतेक एक्सप्लोररच्याच (डेस्कटॉप नि टास्कबार दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम) आत शिरतात, अपडेटने आतलं काही बदललं की एक्सप्लोरर उठतच नाही. वरची दोन तशी नाहीत, ती आपली वेगळी चालतात, बिघडली तर फक्त तीच बंद पडतील. तरी कधी पुन्हा तसं झालंच तर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर येतो, तिथून नवीन टास्कमध्ये कंट्रोल पॅनेल उघडून ते टूल काढून टाका. डाव्या टास्कबारचा हट्ट कामाच्या मशीनवर तरी मी धरणार नाही, आणि धरलाच तर मोठ्या अपडेटच्या आधी टूल काढून ठेवायचं.

प्रश्नकर्ता
एव्हरीथिंग टाकलं, दोन दिवस शोधत होतो ती फाइल "जुने" नावाच्या फोल्डरात निघाली! पण ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हवरचं काहीच दिसत नाहीये?

उत्तर १
ते आपोआप येत नाही. ऑप्शन्समध्ये इंडेक्सेस, त्यात फोल्डर्स, तिथे तो ड्राइव्ह जोडा आणि रीस्कॅनची वेळ रात्रीची ठेवा, कारण नेटवर्कवर ते टेबल वाचता येत नाही, एकेक फोल्डर फिरावंच लागतं.