मदत हवी आहे : कॉलमच्या पायथ्याशी उघडी पडलेली खडी

नव्या घराच्या एका कॉलमचे शटरिंग (काँक्रीट ओतण्याचा साचा) काढल्यावर पायथ्याशी वीतभर उंचीपर्यंत खडी उघडी पडलेली दिसली आणि एका कोपऱ्यात सळईही दिसते आहे. व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारे यंत्र) नीट न फिरवल्याने किंवा फळ्यांच्या फटींतून सिमेंटची स्लरी वाहून गेल्याने असे होते, हे समजते. परंतु ‘प्लास्टरमध्ये झाकले जाईल’ हे ठेकेदाराचे उत्तर पटण्यासारखे नाही. प्लास्टर थांबवून, फोटो काढून स्ट्रक्चरल इंजिनिअरला कळवले आहे. मात्र त्यांच्या पाहणीआधीच ठेकेदाराला वरच्या स्लॅबचे सेंट्रिंग (स्लॅब ओतण्यासाठीचा तात्पुरता आधार) उभारायचे आहे. साहित्यासह काम ठेकेदाराकडेच असल्याने मध्येच ठेकेदार बदलणे शक्य नाही. अशा वेळी सैल खडी काढून नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना न आकसणारे भरण-मिश्रण) भरणे पुरेसे ठरते, की आतील पोकळी तपासण्यासाठी आधी अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) चाचणीचा आग्रह धरावा, आणि तोपर्यंत सेंट्रिंग रोखावे का?