आकडा १५ च्या आत आला म्हणजे कोड समजला का?

सुपरकॉरिडॉरवाला: आमच्या इंदूरच्या ऑफिसात सोनारचा (सोनारक्यूब, कोड तपासणारं टूल) नियम लावलाय. जावातल्या मेथडची (एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याची) कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे ती वाचायला किती जड त्याचा आकडा, १५ च्या वर गेली की मर्ज बंद, कोड मुख्य कोडात जात नाही. परवा एकाने बिलिंगची २२ ची मेथड फोडून एक इंटरफेस (कामाचं फक्त नाव सांगणारा साचा) आणि ते काम आपापल्या परीने करणारे पाच क्लास केले. प्रत्येकाचा आकडा २-३, डॅशबोर्ड हिरवागार. आता गिऱ्हाइकाला सूट नेमकी कुठे लागते ते बघायला सात फायली उघडा! ऑब्जेक्ट ओरिएंटेड कोडचा गुंता मेथडच्या बाहेर असतो आणि हे मोजतं आतलं. माझं मत, हे १५ चं गेट काढा.

छावणीकर: अजिबात नाही. मॅककेबचं १९७६ चं सायक्लोमॅटिक माप बघा, ते कोडमधल्या वेगळ्या वाटा मोजतं. तीन इफ (अटी) एकाखाली एक असोत की एकाच्या पोटात एक, उत्तर ४ च. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच जड जातात का? सोनार पहिल्याला ३ देतो, दुसऱ्याला १+२+३, म्हणजे ६. दहा पर्यायांतून एक निवडणाऱ्या अख्ख्या स्विचला फक्त १. कुणीतरी वाचणाऱ्याचा विचार केलाय, भिया. तुमच्या पोराने पळवाट काढली, त्यात मापाचा काय दोष?

सुपरकॉरिडॉरवाला: पळवाट कसली, नियम पाळलाच की त्याने. इंटरफेसवरचा एक कॉल दिसतो, कुठला क्लास धावणार ते रनटाइमला ठरतं. त्या ओळीला गुण शून्य. डोकं तिथेच अडतं ना!

जुना_जीएसआयटीएस: त्यासाठी चिदंबर-केमेररची ऑब्जेक्ट ओरिएंटेड कोडसाठीची सहा मापं १९९४ पासून आहेत. वारसा किती खोल, क्लास किती इतर क्लासना चिकटलाय, सगळं मोजता येतं. हे चिकटणं मोजणारं सीबीओ लावा.

सुपरकॉरिडॉरवाला: सीबीओ आमच्याकडे उलट घटेल. बिलिंगचा क्लास आता फक्त इंटरफेसला ओळखतो, मागचे पाच त्याच्या हिशेबातच नाहीत. एनओसी, म्हणजे खालच्या थेट क्लासची (पोरांची) संख्या, ५ दाखवेल, पण पाच पोरं असणं हा काही गुन्हा नाही.

जुना_जीएसआयटीएस: हे मान्य. शिवाय एल एमाम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं होतं की क्लासचा आकार हिशेबात धरला की यातल्या बऱ्याच मापांचा बगशी दिसणारा संबंध उरत नाही. तरी माप नको म्हणणं मला पटत नाही. आकडा नसेल तर रिव्ह्यूत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

छावणीकर: बरं, त्या पाच क्लासना रिव्ह्यूत कुणी अडवलं कसं नाही?

सुपरकॉरिडॉरवाला: हिरवं दिसलं म्हणून अप्रूव्ह केलं.

छावणीकर: मग गेट राहू द्या, रिव्ह्यूअर बदला.